चौदा नंबरचा पत्ता

मार्चचा दुसरा आठवडा, मंगळवार. वारा अगदी पडलेला. लालबागच्या गल्लीत मिरची कांडायच्या गिरण्या सकाळी सातलाच सुरू झाल्या होत्या आणि त्यांची धग हलायला जागा नसल्यासारखी दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या मधे उभी होती. लवू परब घरातून निघून परळच्या नेत्रपेढीपर्यंत चालत आला तोवर सात वेळा शिंकला. ऊन अजून चढायचं होतं, पण शर्ट पाठीला चिकटला होता.

मागच्या दारात बसून त्याने रोजचं काम काढलं. फ्रीजरमधल्या बर्फाच्या पिशव्या पेटीच्या चारी बाजूंना लावायच्या, मधे दोन बाटल्यांपुरती जागा ठेवायची, झाकणाचं रबर बोटाने चाचपायचं. मग गाडी. तेल, पाणी, हवा. रात्रीतून समोरच्या काचेवर बांधकामांची पांढरी धूळ बसते ती ओल्या फडक्याने पुसायची. सगळ्यात शेवटी खिशातून रुमालात गुंडाळलेलं यंत्र काढायचं, त्याच्या पाठीची रबरी वाटी जिभेने ओली करायची आणि काचेवर दाबून बसवायची.

"काका, पाणी आहे ना गाडीत? चाटता कशाला?" प्राची दर दोन दिवसांनी विचारायची. प्राची म्हणजे पेढीची तंत्रज्ञ. माणूस गेलं की घरी जाऊन डोळे काढून आणणारी. वय सत्तावीस, हात मात्र पन्नाशीच्या बाईसारखा स्थिर.

"पाण्याने सुटतं ते," लवू म्हणायचा. "थुंकी धरून ठेवते."

यंत्र पत्त्यांच्या जोडाएवढं. रस्ता दाखवणारं. पेढीला देणगी देणाऱ्या एका बाईंचे यजमान वारले, बाईंनी गाडी विकली आणि हे तेवढं काढून पेढीला दिलं, त्याला दहा वर्षं झाली. ते हिंदीत बोलायचं, बाईच्या आवाजात. लवू त्याला 'बाय' म्हणायचा. मालवणात आपल्या लाडक्या मुलीला म्हणतात तसं.

सकाळी चालू केलं की बाय दोन-तीन मिनिटं गप्प राहायची. पडद्यावर नुसतं एक चक्र फिरायचं. ती काय करते, ते प्राचीने त्याला एकदा सांगितलं होतं. ती कोणाला फोन लावत नाही, तिला नेटवर्क लागत नाही. वीस हजार किलोमीटर वर उपग्रह फिरतात, त्यातल्या चारांची हाक तिच्या कानावर एकाच वेळी आली की तिला कळतं आपण कुठे उभ्या आहोत. लवूने ते ऐकून चहाचा ग्लास खाली ठेवला होता.

"चार जण वरसून सांगतत, तेव्हा हिका कळता लवू परब परळाक उभो हा?"

"हो."

"माझ्या बापाशीक पण इतक्या लांबसून कोणी वळखूक नाय गो."

त्या दिवसापासून बाय चालू करताना तो चपला काढायचा. कोणी बघितलंच तर पायाला खाज सुटल्यासारखं करायचा.

लवूचं वय त्रेपन्न. पंधरा वर्षं त्याने टेम्पो मारला. आधी बर्फाच्या लाद्या, मग मसाला. नेत्रपेढीत लागला त्याला एकोणीस वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं तो पत्ता विचारत फिरला. पानवाला, इस्त्रीवाला, दुधाचे क्रेट उतरवणारे भय्ये. परळ-लालबाग-गिरगावात त्यावर भागायचं. कफ परेडला मात्र चाळीस मजली इमारतींच्या पायथ्याशी विचारायला माणूसच नसायचा, आणि असला तर तो आधी गाडीवरची अक्षरं वाचायचा, मग लवूच्या चपला बघायचा, मग म्हणायचा, मालूम नहीं. बाय आल्यावर ते संपलं. तिच्यापुढे पत्ता टाकला की ती कोणाच्या चपला न बघता नेऊन सोडायची. फोनचं तसं नव्हतं. रस्ता दाखवता दाखवता कोणाचा कॉल आला की रस्ता बाजूला आणि मावसभाऊ समोर. उन्हात फोन तापून गप्प होई तो वेगळाच. बाय फक्त रस्ता जाणायची. तिला मावसभाऊ नव्हता.

आणि चुकलं तरी ओरडायची नाही. लवू वळण विसरला तर ती क्षणभर थांबे आणि पुढचा रस्ता सांगे, त्याच आवाजात.

हे त्याने घरी बायकोला, शांताला, सांगितलं होतं. "गे, दहा वेळा चुकलंय तरी शिये घालीत नाय ती. 'सांगितलंय ना?' असा तर कधीच नाय."

"मगे तिकाच सांग जेवूक घाल म्हणान," शांताने पुढ्यातलं ताट आत नेलं होतं. अर्ध्या तासाने परत आणून दिलं, पण माशाचा तुकडा कमी करून.

बायच्या खोड्याही त्याला पाठ होत्या. लालबागच्या पुलाखालून गाडी चालली असली तरी तिला वाटायचं आपण पुलावर आहोत, आणि ती नसलेल्या उतारावरून उतरायला सांगायची. उंच टॉवरांच्या मधे गेली की तिला आभाळ दिसेनासं व्हायचं आणि पडद्यावरचा बाण झोपेत चालल्यासारखा शेजारच्या गल्लीत शिरायचा. मे महिन्यात वाटी सुटून ती लवूच्या मांडीवर पडायची. गाडी सोडून जाताना तिला खिशात घालून न्यावं लागायचं, कारण काचेवरचा गोल डाग बघूनच चोर ओळखतात. आणि प्रभादेवीचा पूल गेल्या सप्टेंबरात पाडायला घेतला तरी बाय रोज त्याच्यावर चढायला सांगायची. लवू गाडी वळवताना तिची समजूत काढायचा, "नाय गो बाय, काढल्यानी तो."

एवढं असून तो तिचं ऐकायचा. त्याला कारण होतं.

तीन वर्षांपूर्वी गिरगावातून फोन आला होता. निवृत्त मास्तर गेले होते, डोळे द्यायचे होते. बाय म्हणाली मोठ्या रस्त्याने चल. लवू म्हणाला, तू गिरगाव मला शिकवू नको, तुझ्या जन्माआधी मी इथे मसाला उतरवलाय. त्याने गाडी एका वाडीतून आत घातली. पुढे गटारासाठी रस्ता उकरलेला, मागे वाळूचा ट्रक येऊन उभा. चाळीस मिनिटं ना पुढे ना मागे. माणूस गेल्यापासून सहा तासांच्या आत डोळे काढायला लागतात, नाहीतर ते कोणाला उपयोगाचे नाहीत. ते पोचले तेव्हा सहा तास उलटून गेले होते. मास्तरांच्या मुलीने दोघांना पाणी दिलं आणि म्हणाली, बाबांनी खूप वर्षांपूर्वीच फॉर्म भरला होता हो.

पेढीच्या प्रमुख मृणालिनी मॅडम त्याला काही बोलल्या नाहीत. चहा घेतलात का, एवढंच विचारलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून बायचा शब्द खाली पडू द्यायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. वरून चार जण बघतात ते चुकायचे नाहीत. चुकेल तो लवू परब.

त्या मंगळवारी सकाळी आठ वीसला फोन वाजला. रमाबाई तांबे, वय अठ्ठ्याहत्तर, पहाटे सव्वापाचला गेल्या. फोन मुलाचा, गौतमचा. मॅडमनी पंखा बंद ठेवायला, डोळ्यांवर ओला कापूस ठेवायला, डोक्याखाली उशी द्यायला सांगितलं आणि पत्ता विचारला. तो म्हणाला, आईच्या कार्डावर आहे तोच. मॅडमनी जुनं कार्ड काढलं. बीडीडी चाळ नंबर चौदा, नायगाव.

"सव्वाअकरापर्यंत वेळ आहे," मॅडम म्हणाल्या. "नायगाव तर इथेच आहे."

"आलोच म्हणून सांगा," लवू म्हणाला.

प्राचीने बायच्या पडद्यावर चौदा नंबर टाकला. बायला तो लगेच सापडला. नऊला पाच मिनिटं कमी असताना ते नायगावात शिरले आणि बाय म्हणाली, "आप मंज़िल पर पहुँच गए हैं।"

समोर निळा पत्रा होता. दोन पुरुष उंचीचा, रस्त्याच्या टोकापर्यंत गेलेला. त्याच्यावरून एका क्रेनची मान दिसत होती.

"तू बारा टाकलंस का?" लवूने विचारलं.

"चौदाच टाकलंय, काका."

लवूने गाडी फिरवली, मागच्या बाजूने घेतली. बाय गप्प राहिली, मग उजवीकडे म्हणाली, मग परत उजवीकडे, आणि त्यांना त्याच पत्र्यासमोर आणून उभं केलं. आप मंज़िल पर पहुँच गए हैं। प्राची गौतमचा फोन लावत होती. व्यस्त. परत व्यस्त. घरात माणूस गेलेल्याचा फोन सकाळी कोणाला लागतो? लवूने तिसरी फेरी मारली. या वेळी पोलीस क्वार्टर्सच्या बाजूने. एका शाळेच्या बसमागे दहा मिनिटं गेली. पुन्हा पत्रा.

"काका, चाळ पाडलीय हो!"

"पाडतायत ती पलीकडची. चौदा नंबर आहे. ही बघ ना." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. तिथे चौदा नंबर होताच, शेजारी तेरा, पलीकडे पंधरा, मधल्या गल्ल्या. "ती काय उगाच सांगते? वरून दिसतंय तिला."

प्राचीने त्याच्याकडे बघितलं. तिला तेव्हा कळलं की हा माणूस दहा वर्षं काय समजून गाडी चालवतोय.

"काका, तिला काही दिसत नाही."

"म्हणजे?"

"वरून फक्त आपण कुठे उभे आहोत ते कळतं. तेवढंच. रस्ते, चाळी, पूल हे सगळं कोणीतरी बारा-तेरा वर्षांपूर्वी तिच्या पोटात भरून ठेवलंय. नंतर कोणी बदललं नाही. ती त्याच्यावरच बोलते."

"बघत नाय ती?"

"नाही."

लवू स्टेअरिंगवर हात ठेवून बसला. घड्याळात नऊ पंचवीस झाले होते. गिरगावच्या मुलीने दिलेला पाण्याचा ग्लास त्याच्या डोळ्यांसमोर येऊन गेला. मग त्याने खिशातला रुमाल काढून बायच्या तोंडावर टाकला, झोपलेल्या पोरीवर टाकावा तसा. "जरा गप ऱ्हव गो," म्हणाला आणि गाडीतून उतरला.

"कुठे चाललात?"

"फळा बघतो."

"कसला फळा?"

प्राची डोंबिवलीच्या सोसायटीत वाढलेली. तिला माहीत असायचं कारण नव्हतं. गिरणगावात चाळ आहे तिथे फळा असतो. पाणी कधी येणार नाही, लसीकरण कुठल्या दिवशी, कोणाची मुलगी सीए झाली, आणि कोण गेलं. गेलेल्याचं नाव सगळ्यात आधी. चाळ पडेल, पण फळा कोणी डंपरमध्ये टाकणार नाही, एवढं लवूला न सांगता ठाऊक होतं.

पत्र्याला लागून तो वीस-पंचवीस पावलं चालला. कोपऱ्यावर चहाची टपरी होती आणि टपरीच्या बाजूला, पत्र्याला भोकं पाडून तारेने बांधलेला, चार फुटी काळा फळा. खडू पाण्यात बुडवून लिहिलेली अक्षरं नुकती सुकत होती. शिरोरेघा पट्टीने मारलेल्या.

'दुःखद निधन. कालकथित रमाबाई सोनू तांबे, चाळ नं. १४, पहिला मजला. आज पहाटे. अंत्ययात्रा सकाळी साडेअकरा वाजता. सध्याचे राहते घर : वरळी कोळीवाडा, गोल्फादेवी मंदिराच्या मागे, विनिफ्रेड यांची खोली, वरचा मजला. चौदा नंबर रहिवासी.'

लवू ते एकदा वाचून परत पहिल्या ओळीपासून वाचू लागला.

"नातेवाईक काय?" टपरीतल्या बाईने विचारलं. तिच्या बोटांना अजून खडू होता. तिचं नाव कौसल्या. चौदा नंबरच्याच तळमजल्यावर चाळीस वर्षं काढलेली.

"डोळे न्यायला आलोय. आम्हाला सांगितलं चौदा नंबर."

"मग बरोबर सांगितलं."

"अहो ताई, चाळ कुठाय?" प्राची मागून धावत आली होती.

"चाळ नाय, पण पत्ता चौदा नंबरच ना? नवीन खोली हातात पडेपर्यंत बदलायचा नाय, सगळ्यांनी ठरवलंय. उद्या सायेब म्हणाला तुम्ही तर दुसरीकडचे, मग? मी शिवडीला भावाकडे राहते, पण माझं आधार, माझं मतदान, सगळं चौदा नंबर. तोंडातून तेच येतं. गौतमच्या पण आलं असेल. आई गेलीय त्याची."

"आणि हे तुम्हाला कोणी कळवलं?"

"मला नाय, फळ्याला कळवतात." कौसल्याने गॅस बारीक केला. "ऐंशी खोल्या. कोण ऐरोलीला, कोण दिव्याला, कोण नालासोपाऱ्याला. मयताचा निरोप पहिला इथे येतो. मी लिहिते, फोटो काढते, ग्रुपवर टाकते. म्हातारी माणसं तरी बघायला येतात. शिवडीवरून, वडाळ्यावरून, काठी टेकत. फोन असून."

लवूने आजूबाजूला पाहिलं. मागे तीस-चाळीस फूट खोल खड्डा असावा. यंत्रांची घरघर पायाखालून येत होती. तिथे ऐंशी बिऱ्हाडं होती, आता एकही नव्हतं, आणि या चार फुटी फळ्याला पहाटे सव्वापाचला गेलेली बाई आत्ता कुठल्या खोलीत, कुठल्या मजल्यावर निजलीय ते माहीत होतं. त्याने नकळत हात जोडले. कौसल्याला वाटलं रमाबाईंना जोडले. तिनेही जोडले.

"आता हात कसले जोडतोस? पळ!" ती म्हणाली. "मी विनिफ्रेडचा फोन लावत राहते. वाट बघ म्हणून सांगते."

नऊ पस्तीस. नायगावाहून वरळीला जायचा सरळ रस्ता पाडलेल्या पुलावरून होता. राहिला टिळक पूल, आणि सगळी मुंबई त्याच्यावर. दादरच्या फुलबाजाराचे टेम्पो, टॅक्सी, हातगाड्या, मधे अडकलेली यांची पांढरी गाडी. पंधरा मिनिटांत ते पुलाच्या अर्ध्यावर आले. प्राची मांडीवरची पेटी दोन्ही हातांनी धरून बसली होती. पेटीत नुसता बर्फ होता तरी.

"तिला विचारायचं नाही?" तिने रुमालाकडे बोट दाखवलं.

"विचार. कोळीवाडा मला आतून माहीत नाय. ती गोल्फादेवी टाक तिच्यात. देऊळ काय कोणी पाडलं नसेल."

प्राचीने रुमाल काढला. बायला गोल्फादेवी सापडली. पूल उतरताच ती म्हणाली, सीधे चलिए, सिद्धिविनायकावरून.

"आज मंगळवार गो," लवू तिला म्हणाला. "तुका वार खंयसून म्हायत असतलो?" आणि त्याने गाडी गोखले रोडला घातली. बाय क्षणभर थांबली, मग तोच आवाज, पुढचं वळण. प्रभादेवीच्या सिग्नलला दहा वाजून बारा. वरळीला बेस्टच्या बसने पाच मिनिटं खाल्ली. लवू हॉर्न वाजवत नव्हता. ओठ मात्र हलत होते.

"काय म्हणताय?"

"काय नाय. गणितं."

कोळीवाड्याच्या तोंडाशी दहा सदतीस झाले. पुढे गाडी जायची सोय नव्हती. लवूने बायला काचेवरून उपटलं, फट् असा आवाज आला. तिच्या पोटात बॅटरी होती, अर्धा तास कशीबशी चालायची. एका हातात ती, दुसऱ्या हातात पेटी, मागे प्राची. गल्ली एवढी की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावायची. वर दोरीवर बोंबील, खाली जाळ्यांचे ढीग, दारात मासळी कापत बसलेल्या बायका. बायचा बाण डळमळत होता. आभाळाची एक पट्टी दिसली की तो जागेवर यायचा, छप्पर आलं की भिंतीत शिरायचा. एकदा तर तिने दोघांना समुद्रात दाखवलं.

"आपण बुडालो," प्राची धापा टाकत म्हणाली.

"थांब, थांब." लवूने हात उंच करून बायला आभाळाला दाखवलं. मासळीवालीचा कोयता हवेतच थांबला. चार उपग्रहांची हाक त्या अरुंद पट्टीतून कशी खाली उतरली कोण जाणे. बाण समुद्रातून निघाला, वळला आणि डावीकडच्या गल्लीत नीट उभा राहिला. "आली गो माझी बाय," लवू म्हणाला. साठ मीटर. तीस. देवळाची कमान दिसली.

देवळामागच्या पायरीवर एक जाडजूड बाई हातातला टॉवेल हलवत उभी होती. "आयबँक? या, या गो, लवकर! त्या चायवाल्या बाईने दहा वेळा फोन केला मला!" ही घरमालकीण विनिफ्रेड.

दहा सत्तेचाळीस. जिना लोखंडी, खोली एकच. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती, पंखा बंद, माणसं घामाने निथळत बसलेली. रमाबाई पांढऱ्या साडीत, डोळ्यांवर ओला कापूस. तो सुकला की सून पुन्हा ओला करत होती. सकाळपासून तिने तेवढंच केलं होतं. प्राचीने हातमोजे चढवले, फॉर्मवर गौतमची आणि विनिफ्रेडची सही घेतली.

"वेळ आहे," ती लवूकडे न बघता म्हणाली. "सगळे बाहेर थांबा. वीस मिनिटं."

सगळे जिन्यावर आले. गौतम पन्नाशीचा, बेस्टच्या वर्कशॉपमधला, दाढी न केलेला. तो लवूच्या वरच्या पायरीवर बसला. "साहेब, फार वेळ लागला तुम्हाला."

"आधी नायगावला गेलो होतो."

गौतमने कपाळावर हात मारला. "मी चौदा नंबर सांगितलं?"

"कार्डावरचा म्हणालात."

"आई शप्पथ. बाईंनी पत्ता विचारला आणि... म्हणजे माझ्यामुळे राहिलं असतं. तिने दोन हजार नऊला फॉर्म भरला होता. मला वाचायला लावून. सुईत दोरा ओवायला अख्खा मजला तिच्याकडे यायचा. ती म्हणायची, हे डोळे जाळायला नाय रे ठेवलेत मी."

लवूच्या हातातली बाय अजून चालू होती. "ही पण चौदा नंबरच सांगत होती," तो म्हणाला. "हिच्यात अजून उभी आहे ती."

"काय उभी आहे?"

लवूने बोटाने नकाशा सरकवून नायगावला नेला. गौतमने चष्मा कपाळावर चढवला आणि यंत्र तोंडाजवळ धरलं. तेरा, चौदा, पंधरा. मधली गल्ली. कोपऱ्यावरचं वळण. त्याने हाक मारली नाही, पण सून वाकली, मग वरच्या पायऱ्यांवरची दोन माणसं, मग खालून विनिफ्रेड. चार बोटं रुंदीच्या त्या पडद्यावर सहा-सात डोकी टेकली.

"ह्या गल्लीत नळ होता," कोणीतरी म्हणालं.

"नळ दाखवत नाय."

"नाय दाखवत, पण इथेच."

पडदा विझला. बॅटरी संपली होती. गौतमने यंत्र दोन्ही हातांनी परत दिलं.

अकरा आठला प्राचीने दार उघडलं. रमाबाई होत्या तशाच होत्या, मिटल्या पापण्या, शांत. गौतम आईच्या चेहऱ्यावर वाकून बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याचा बांध फुटला. जिना उतरताना त्याने लवूला गाठून विचारलं, "कोणाला लागतील?"

"ते सांगत नाहीत. मलाही कळत नाही. पण दोघांना लागतात."

परतीच्या गल्लीत लवूने पेटी छातीशी धरली होती. समोरून येणारी माणसं आपणहून भिंतीला पाठ लावत होती; मासळीवालीने पाटी मांडीखाली ओढून घेतली. बाय खिशात, मेलेली. परतीचा रस्ता लवूला एकदा बघून पाठ झाला होता.

दुपारी पेढीत मृणालिनी मॅडमनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "लवू, नवा फोन घेऊन देते. त्यात रस्ते रोज ताजे होतात."

"द्या, मॅडम. पण तिला ठेवा. जिथे फोनचं नेटवर्क मरतं तिथे ती बोलते. आणि एक सांगू? फोनवर पत्ता विचारू नका. माणूस आत्ता कुठे निजलंय ते विचारा."

मॅडमनी ते टेबलावरच्या कागदावर लिहून घेतलं.

एकोणीस वर्षं लवू पेटी आणत होता. आत बघायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी प्राचीने प्रयोगशाळेचं दार उघडून त्याला बोलावलं. "दोन्ही चांगले आहेत, काका. बघायचेत?"

"डोळ्यावरचं पारदर्शक पटल. हेच दुसऱ्याला बसवतात." तिने लहानशी बाटली दिव्यापुढे धरली. लवूला आधी काहीच दिसलं नाही. तिने बाटली जरा तिरकी केली तेव्हा पाण्यात एक कड चमकली, नखाएवढी, काचेहून पातळ. रंग नाही, काळं नाही, पांढरं नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"अठ्ठ्याहत्तर वर्सां हेच्यातसून बघल्यान तिणां?"

प्राचीने मान हलवली. लवू बाटलीजवळ वाकला. सुयांची नेढी, चाळीचा जिना, नळावरची भांडणं, गौतम जन्मला तेव्हाचं त्याचं तोंड, सगळं या पाण्यातल्या कडेतून आत गेलं होतं आणि तिच्यावर एक ओरखडा नव्हता. उद्या-परवा ती कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या डोळ्यात बसेल आणि पहिल्यांदा काय बघेल? भिंत? नर्स? त्याने बोट पुढे केलं आणि बाटलीपासून वीतभर अंतरावरच थांबवलं.

"ठेव, ठेव. नीट ठेव," तो म्हणाला.

बाहेर आला तेव्हा दुपारचं ऊन गाडीच्या टपावर पडलं होतं आणि आतून बोंबलांचा वास येत होता. चपलांना लागून कोळीवाड्यातली वाळू आणि खवले आले होते. लवूने चारही दारं उघडली, पायपुसण्या एकेक करून बाहेर ओढल्या आणि मागच्या भिंतीवर आपटायला सुरुवात केली.